सूट मिळेल हो, पण शिकवणार कोण?

जून लागला की माझ्या फोनवर एकच प्रश्न येतो, आवाज तेवढे बदलतात. "मॅडम, मुलगा नववीत गेलाय, शाळेनं सांगितलंय एलडी असू शकतं, तर सूट काय काय मिळते हो?" एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, बुद्धी नॉर्मल पण वाचन, लेखन किंवा गणितात अडणं, आणि सूट म्हणजे त्यासाठी परीक्षेत मिळणाऱ्या सवलती. सिडकोतून, नाशिकरोडहून, आता तर सिन्नर-निफाडकडूनही. वडील असतील तर थेट सूट, आई असेल तर आधी तो लहानपणी किती हुशार होता ते आणि मग सूट. पोरगं वाचताना नेमकं कुठं अडतं, कुठल्या विषयाला खुशीत बसतं, हे सांगणारा फोन क्वचितच.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये संध्याकाळी आठवी ते दहावीच्या पोरांना घेते, सगळी लर्निंग डिसॅबिलिटीवाली, त्याआधी बरीच वर्षं एका शाळेच्या रिसोर्स रूममध्ये, म्हणजे अशा मुलांना वेगळं शिकवतात त्या खोलीत, होते. सूट मागण्यात काही वावगं नाही, तो त्या मुलांचा हक्कच आहे आणि घ्यायलाच पाहिजे, पण घरातली सगळी ताकद सूट मिळवून देणाऱ्या एलडीच्या सर्टिफिकेटमागं खर्ची पडते, आणि ते एकदा हातात आलं की सगळे हुश्श करतात आणि पोराला परत कॉलेज रोडच्या त्याच भरगच्च बॅचमध्ये नेऊन बसवतात. मग तो शिकणार कधी आणि कोणाकडं?

आधी सूटच उरकून टाकू. आपल्या राज्य बोर्डात एलडीच्या मुलाला दर तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे विज्ञानाच्या दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं आणि मराठीच्या तीन तासांच्या पेपरला अख्खा एक तास. लेखनिक म्हणजे आपला रायटर मिळतो, तो खालच्या वर्गातला असावा लागतो. शुद्धलेखनाचे, स्पेलिंगचे मार्क कापत नाहीत, गणितात अडणाऱ्याला कॅल्क्युलेटर, एखाद्या भाषेऐवजी दुसरा विषय घ्यायची सोय. कोणाला यातलं काय मिळणार ते सर्टिफिकेटवर काय लिहिलंय त्यावर ठरतं, सगळ्यांना सगळं नाही. सीबीएसईत पण साधारण असंच, तिथं दोनऐवजी एका भाषेवर भागतं. महाराष्ट्रात या सवलती ९० च्या दशकापासून आहेत. देशाच्या पातळीवर मात्र १९९५ च्या अपंग कायद्यात जे सात प्रकार होते त्यात एलडी नव्हतंच, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सातचे २१ झाले तेव्हा कुठं ते आत आलं.

सर्टिफिकेटसाठी आपल्याकडची माणसं सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला उतरायची आणि तिथून सायन हॉस्पिटलच्या एलडी क्लिनिकला जायची, माझ्या जुन्या पालकांत अशी बरीच आहेत. आता यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरायचा आणि मग सरकारी दवाखान्यात तपासणी. केंद्राच्या २०१८ च्या गाईडलाईन्समध्ये असं लिहिलंय की पहिलं सर्टिफिकेट वयाच्या आठ वर्षांनंतर, मग १४ व्या आणि १८ व्या वर्षी परत तपासायचं. चौदावं वर्ष म्हणजे नेमकी आठवी-नववी, त्यामुळे तिसरीत कधीतरी केलेली फाईल बऱ्याच घरांत तेव्हाच कपाटाच्या वरच्या खणातून खाली येते.

त्या फाईलचं पालक फक्त शेवटचं पान दाखवतात, सही-शिक्क्याचं. मी म्हणते मधली पानं उघडा. आयक्यू नॉर्मल आहे हे एका पानावर असतं, आणि पुढच्या पानांवर वाचन, लेखन, गणित यात मूल सध्या कितवीच्या पातळीवर आहे ते. नववीतला मुलगा चौथीच्या पातळीवर वाचत असेल तर जादाच्या ४० मिनिटांत तो काय करणार, चौथीच्याच वेगानं आणखी ४० मिनिटं वाचणार. याचा अर्थ जादा वेळ नको असा नाही हं, वेळ हवाच, पण परीक्षा मार्चमध्ये आणि आपण बोलतोय जूनमध्ये, मधले महिने नुसते बघत बसायचे का?

मराठी माध्यमाच्या पालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपली लिपी इंग्रजीपेक्षा सरळ आहे, जसं लिहिलंय तसंच बरंचसं वाचायचं असतं, त्यामुळे डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली एलडी असलेलं मराठी मूल रेटत रेटत पाचवी-सहावीपर्यंत बरोबर वाचायला लागतं आणि सगळ्यांना वाटतं, चला, सुटलं एकदाचं. सुटलेलं नसतं. चुका कमी झालेल्या असतात, वेग आलेला नसतो. इतिहासाचं एक पान बाकीची पोरं वाचून गप्पा मारायला लागतात तोवर हा दुसऱ्या परिच्छेदात 'राष्ट्र'पाशी थांबलेला. त्यात आपल्या र च्या तऱ्हा, 'कर्म'मध्ये डोक्यावर, 'क्रम'मध्ये पोटात, 'राष्ट्र'मध्ये पायाशी, आणि 'वाऱ्यावर'मध्ये भलतीच आडवी रेघ. तुम्हा-आम्हाला हे दिसत पण नाही, याला दर वेळी नव्यानं ठरवावं लागतं. आणि पेपर अर्धा राहिला की प्रगतीपुस्तकात शेरा काय, 'लेखनाचा सराव करावा'. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरनं २०१५ मध्ये डाली नावाची चाचणी आणली, हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही, आपल्या भाषेत तपासायची सोय झाली हे फार बरं झालं, पण ती पण पाचवीपर्यंतच्या पोरांसाठी. सगळं असंच आहे. चाचण्या लहानांच्या, वर्कशीट लहानांची, खेळणी लहानांची, आणि सातवी ओलांडली की रेमेडियल, म्हणजे अडलेलं पुन्हा पायापासून शिकवणं, बंद आणि सवलतीचा फॉर्म सुरू.

हायस्कूलच्या पोराला प्राथमिकचंच रेमेडियल परत देऊन चालत नाही. मिसरूड फुटलेल्या मुलापुढं 'कमल नमन कर' ठेवलं की तो दुसऱ्या दिवसापासून येत नाही, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही आले नसते. म्हणून शब्द घ्यायचे ते त्याच्याच सायन्सच्या पुस्तकातले. सेमीवाली मुलं रिफ्लेक्शन आणि रिफ्रॅक्शनमध्ये गोंधळतात, मराठीवाली परावर्तन आणि अपवर्तनमध्ये, दोन्हीकडं शेपूट सारखं आणि पुढं जरासा फरक, आणि ही मुलं नेमकी तशीच वाचतात, सुरुवात अंदाजानं आणि मग शेपूट बघून ठोकून द्यायचं. मग मी शब्द कापते. फळ्यावर खरंच मधोमध उभी रेघ मारते, परा आणि वर्तन. टॉर्च घे, आरशावर मार, उजेड परत फिरला. आता अप आणि वर्तन, ग्लासात पेन्सिल तिरकी ठेव, बघ पाण्यात शिरताना कशी मोडल्यासारखी दिसते. मग त्यानं शब्द बोलत बोलत लिहायचा, एकेक तुकडा, तोंड आणि हात बरोबर. डोळे, कान, हात एकाच वेळी कामाला लावायचे ही मूळ आयडिया ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांची, अमेरिकेतली, १९३० च्या दशकातली, इंग्रजीसाठी बसवलेली, मराठीला ती जशीच्या तशी बसत नाही, आपल्याला जोडाक्षरं आणि उपसर्ग-प्रत्ययांकडून वळवून घ्यावी लागते. पण वळते.

हे झालं वाचनाचं. अभ्यासाचं मी वेगळं ठेवते आणि यावर पालकांशी हमखास वाद होतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी ॲपवर उघडतो, फोनमध्ये मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायची सोय असते. मग इतिहासाचा धडा ऐकू दे की त्याला. "मॅडम, असं ऐकत बसला तर वाचायचा कधी?" अहो, वाचायचा माझ्याकडं रोजच्या ठरलेल्या वेळात, रडत-कढत का होईना. पण पेशवाई, नकाशे, राज्यशास्त्र हे सगळं त्याच्या वाचनाच्या वेगाची वाट बघत अडवून ठेवलं तर तो दहावीला पोचेपर्यंत माहितीतही मागं पडतो, आणि मग खरंच कळत नाही त्याला, तोवर तर फक्त वाचता येत नव्हतं. मोठ्या मुलांचा वेग फार हळू वाढतो, त्यातल्या त्यात शब्दसंग्रह आणि समज या दोन गोष्टी लवकर हलतात, म्हणून त्यांना आधी हात घालायचा.

गणितात थोडक्यात सांगते. चौकटीची वही, म्हणजे एककाखाली एकक येतं आणि अर्धी गणितं तिथंच सुधारतात. पाढ्यांचा तक्ता समोर. १२ चे अवयव तोंडी सुचत नाहीत म्हणून वर्गसमीकरण डोक्यात शिरणार नाही असं काही नसतं, तक्ता समोर असला की शिरतं.

आता रायटरबद्दल, कारण यावर कोणी बोलतच नाही. सगळ्यांना वाटतं रायटर मिळाला की झालं काम. रायटर मिळणं म्हणजे गाडीला ड्रायव्हर मिळणं, वळणं तुमची तुम्हालाच सांगावी लागतात. दहावीतला एक पोरगा माझ्याकडं पंचवटीतून यायचा, फिजिक्स त्याचं भारी, घरातला मिक्सर बिघडला की आई त्यालाच हाक मारणार असा. त्याच्या सरावासाठी मी आमच्याच बिल्डिंगमधली आठवीतली मुलगी रायटर म्हणून बसवली आणि तिला बजावून ठेवलं, तो बोलेल तेच लिहायचं, मनाचं एक अक्षर नाही. प्रश्न होता फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम. पोरानं लगेच डावा हात वर केला, अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट तीन दिशांना ताणली, एकदम बरोबर, आणि म्हणाला, "हे असं." ती थांबली. "हे असं धरलं ना, की हे इकडं, करंट इकडं, मग हे ढकलतं." तिनं माझ्याकडं बघितलं. कागदावर लिहिलेलं होतं, 'हे असं'. नियम त्याला माझ्यापेक्षा पक्का येत होता आणि त्या कागदावर त्याला कुठलाही परीक्षक अर्धा मार्क देणार नव्हता.

मग आम्ही नुसत्या सांगण्यावरच काम केलं. बोटांना नावं द्यायची, अंगठा, तर्जनी, मधलं बोट. पहिलं वाक्य, तिन्ही एकमेकांना लंब, आणि तोंडानं पूर्णविराम म्हणायचा. तर्जनी चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवते, पूर्णविराम. मधलं बोट विद्युतधारेची. अंगठा बलाची. एक बोट, एक वाक्य. त्याशिवाय तीन हुकूम पाठ करून घेतले, नवीन ओळ, खाली रेघ मार, वाचून दाखव. यातला तिसरा फार अवघड जातो कारण ही पोरं आयुष्यभर 'परत सांगा' म्हणायला लाजत आलेली असतात, आणि इथं तर समोर लहान मुलगी. दिवाळीनंतर कधीतरी भूगोलाचं उत्तर सांगता सांगता तो मधेच तिला म्हणाला, "थांब, आधीचं वाक्य खोड, ते पुढच्या मुद्द्यात येतं," आणि तिनं मुकाट्यानं खोडलं. मी आत जाऊन चहा टाकला.

तर सांगायचं काय, रायटर फेब्रुवारीत शोधू नका. ऑगस्टपासून त्याच मुलाला किंवा मुलीला आठवड्यातून एकदा घरी बोलवा, खाऊ द्या, पेपर सांगायची सवय लावा. आणि ज्यांच्या मुलाचा हात लिहिताना आखडतो त्यांच्यासाठी, २०२१ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये रायटर्स क्रॅम्प असलेल्या उमेदवाराला लेखनिक मिळायला हवा असं स्पष्ट सांगितलंय, ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट नाही म्हणून नाकारता येणार नाही. कोणी काउंटरवरून परत पाठवत असेल तर हे माहिती असलेलं बरं.

मग येतात नातेवाईक. नाशिकमध्ये प्रत्येक घरात एक काका सातपूर किंवा अंबडच्या कंपनीत असतोच आणि तो म्हणतोच, "कशाला डोकं फोडताय, आयटीआयला टाका, हातात कला आहे पोराच्या." आयटीआयला माझी ना नाही, माझी काही पोरं तिथं मस्त रमलीत. पण तिथं वाचायला लागत नाही हे कोणी सांगितलं? ट्रेड थिअरी असते, वर्कशॉप कॅल्क्युलेशन असतं, इंजिनिअरिंग ड्रॉइंग असतं, व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटर वाचावं लागतं आणि दशांशात गोंधळणाऱ्या मुलाला तेच सगळ्यात जड जातं. आणि अभ्यासात अडणारा प्रत्येक मुलगा हातानं कुशल असतो हा कुठला नियम? माझ्याकडच्या एकाला धड खिळा ठोकता येत नाही, पण वादविवादात समोरच्याला बोलू देत नाही. त्याला टाका आयटीआयला!

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं पण तसंच, काहींसाठी तो खरंच चांगला रस्ता आहे. वयाची १४ वर्षं झाली की दहावीला बसता येतं, पाच विषय पुरतात, त्यात भाषा एकच घेतली तरी चालते, चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एन्ट्री असे विषय आहेत, मराठी माध्यम आहे, आणि पाच वर्षांत नऊ संधी, त्यामुळं एका वेळी दोन विषय, मग पुढचे दोन असं सावकाश सोडवता येतं. मला खटकतं ते 'सोपं बोर्ड' म्हणून त्याची जी विक्री चालते ते. फी भरा, फॉर्म आम्ही भरतो, परीक्षेला या. पोरगा दोन वर्षं घरी, फोनवर, मित्र तुटले, आणि शिकवणारं पुन्हा कोणीच नाही. शाळा सोडवायची असेल तर आधी रोज सकाळी तो कुठं जाणार आणि कोण त्याच्याशी बोलणार हे ठरवा, बोर्ड नंतर बदला.

अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून अशा प्रत्येक मुलाचा आयईपी म्हणजे त्याच्या एकट्याचा लिहून काढलेला प्लॅन असतो, आणि आता तर १६ व्या वर्षापर्यंत त्यात पुढं काय करणार याचा भाग असावाच लागतो, कॉलेज, नोकरी, बसनं एकट्यानं जाणं, सगळं. तिथंही सगळं आलबेल आहे असं नाही. पण कागदावर एक ओळ असते, या वर्षभरात हे मूल अमुक शिकेल आणि अमुक माणूस शिकवेल. आपल्याकडच्या शाळेत जाऊन पालकांनी तेवढीच ओळ मागावी. लेखी. सहामाहीला ती ओळ घेऊन परत जायचं. मी पालकसभेच्या आधी पालकांना हे पाठ करून घेते, कारण तिथं गेलं की सगळे 'तो मस्ती फार करतो' वर येऊन थांबतात.

शाळा म्हणेल आमच्याकडं स्पेशल एज्युकेटर नाही. खरं असू शकतं, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेले शिक्षक तसेही कमीच. पण सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमाण ठरवून दिलंय, प्राथमिकला १० विशेष गरजेच्या मुलांमागं एक विशेष शिक्षक आणि त्यावरच्या वर्गांना १५ मुलांमागं एक, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं जाहीर करून भरायला परत सांगितलंय. त्यामुळं 'आमच्याकडं नाही' यावर 'मग कधीपर्यंत येईल' हा प्रश्न बिनधास्त विचारा, भांडण न करता, चहा पीत पीत. चार-पाच पालक एकत्र गेले तर एका शिक्षिकेला दोन शाळांत वाटून घ्यायची तयारी शाळा दाखवतात, मी असं होताना बघितलंय.

आणि पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडून जे फोन करतात त्यांनी प्रत्येक वेळी नाशिकला धावायची गरज नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेखाली तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, ते शाळांवर फिरतात. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जाऊन समावेशित शिक्षणाचं काम कोण बघतं ते विचारा, ते शिक्षक कुठल्या वारी तुमच्या भागात येतात ते लिहून घ्या, आणि जाताना फाईलच्या त्या मधल्या पानांची झेरॉक्स आणि पोराची चालू वर्षाची एक वही, कुठलीही, बरोबर ठेवा.